शिरेवाटे पोषण

आतड्याला अन्न पचवता किंवा शोषता येत नसेल, तेव्हा शरीराला लागणारी सर्व पोषकद्रव्ये थेट रक्तात सोडण्याची उपचारपद्धती. रुग्णालयात तिला टीपीएन (टोटल पॅरेंटेरल न्यूट्रिशन) म्हणतात.

हे पोषण म्हणजे ‘सलाइन’ नव्हे. सलाइन लावले की ताकद येते, हा समज आपल्याकडे पक्का आहे. पण मिठाच्या सलाइनमध्ये ऊर्जा शून्य, आणि 5 टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर अवघी 25 ग्रॅम, म्हणजे शंभराच्या आतबाहेर किलोकॅलरी. 60 किलो वजनाच्या रुग्णाला दिवसाला साधारण 1,500 ते 1,800 लागतात. त्या अशा बाटल्यांतून द्यायच्या तर रोज आठ-नऊ लिटर पाणी अंगात जाईल. साखरेचे प्रमाण वाढवावे, तर हाताची बारीक शीर सुजते आणि तिच्यात रक्त गोठते.

यावर तोड निघाली ती हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत. गळ्याच्या हाडाखालून नळी तिथवर नेली की वेगाने वाहणाऱ्या रक्तात दाट द्रावण क्षणात पातळ होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात स्टॅन्ली डड्रिक यांनी 1960 च्या दशकात बीगल कुत्र्यांची पिल्ले केवळ अशा पोषणावर वाढवून दाखवली. पाठोपाठ फिलाडेल्फियात आतडे जवळजवळ नसलेल्या एका नवजात मुलीला ते देण्यात आले. ती अखेर वाचली नाही, पण त्या पोषणावर तिचे वजन आणि उंची वाढली. स्निग्ध पदार्थांचा प्रश्न स्वीडनमध्ये सुटला. सरकीच्या तेलाचे इमल्शन (तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात मिसळलेले दुधाळ द्रावण) रुग्णांना बाधत होते. आर्विड व्रेटलिंड यांनी सोयाबीन तेल आणि अंड्यातील फॉस्फोलिपिडे (तेल पाण्यात मिसळून ठेवणारे स्निग्ध घटक) वापरून सुरक्षित इमल्शन बनवले.

आजच्या पिशवीत ग्लुकोज, ॲमिनो आम्ले, स्निग्धांश, क्षार, जीवनसत्त्वे आणि सूक्ष्म खनिजे असतात. यातले काहीच किरकोळ नाही. नुसते थायामिन (जीवनसत्त्व ब-1) वगळले गेले, तरी रक्तातील आम्लता जीवघेणी वाढू शकते. दीर्घ उपासमारीनंतर एकदम पूर्ण मात्रा दिल्यास रक्तातील फॉस्फेट हा क्षार झपाट्याने उतरतो आणि हृदय दगावू शकते, म्हणून सुरुवात थोडक्याने करतात. खरी धास्ती नळीतून होणाऱ्या जंतुसंसर्गाची. त्यामुळे या वाटेने रक्त किंवा इतर औषधे देत नाहीत. महिनोन्‌महिने चालल्यास यकृतालाही त्रास होतो.

आतडे थोडेही चालत असेल, तर नाकातून घातलेल्या नळीने अन्न देणे केव्हाही बरे. ते सोसू लागले की त्या मानाने टीपीएन कमी करतात. आतडे फारच आखूड उरलेले काही रुग्ण मात्र वर्षानुवर्षे घरीच, रात्री झोपेत, हे पोषण घेतात आणि दिवसा कामावर जातात.