ब्लॅकजॅक: डीलरही बाद होतो, पण तुमच्यानंतर

ब्लॅकजॅकमध्ये डीलर (कॅसिनोतर्फे पानं वाटणारा आणि खेळणारा) आणि खेळाडू एकाच पिसलेल्या गड्डीतली पानं घेतात. बेरीज 21 च्या पुढे गेली की कोणीही बाद. मग कॅसिनोला नफा सुटतो कुठून? तर पाळीतून. आधी खेळाडू पानं घेतो. तो बाद झाला की त्याच्या चिप्स लगेच उचलल्या जातात. नंतर डीलरही बाद झाला, तरी त्या परत मिळत नाहीत.

डीलरला 16 पर्यंत पान घ्यावंच लागतं, 17 ला थांबावं लागतं. त्यामुळे 100 पैकी साधारण 28 डावांत तो बाद होतो. तुम्हीही हाच नियम पाळलात, तर दोघंही बाद होणारे डाव जवळपास 8. न्यायानं ते बरोबरीत सुटायला हवेत, पण ते कॅसिनोच्या खिशात जातात. एक्का आणि दहा किमतीचं पान मिळून झालेल्या ब्लॅकजॅकला दीडपट मिळतात, म्हणून सव्वादोन टक्क्यांच्या आसपास परत येतात. उरलेले सुमारे साडेपाच टक्के म्हणजे या खेळीतला ‘हाउस एज’, पैजेतला कॅसिनोचा सरासरी वाटा.

डीलरचं उघडं पान पाहून खेळलं, तर तो अर्ध्या टक्क्यापर्यंत खाली येतो. कुठल्या हाताला काय करायचं, हे अमेरिकन लष्करातल्या बाल्डविन, कँटी, मायसेल आणि मॅकडरमॉट या चौघांनी साध्या गणनयंत्रांवर आकडेमोड करून 1956 मध्ये प्रसिद्ध केलं. डीलरचा 6 उघडा असेल, तर 12 वर थांबायचं, कारण तेव्हा तो 100 तून 42 वेळा बाद होतो. सगळ्यात त्रासदायक हात म्हणजे आपले 16 आणि समोर 10. पान घेतलं तर 13 पैकी 8 किमती (6 ते राजा) आपल्याला बाद करतात. तरीही पान घ्यायचं. थांबलं तर 100 रुपयांमागे सरासरी 54 रुपये जातात, घेतलं तर किंचित कमी. हा हात वाईटच आहे, फक्त कमी वाईट वाट निवडायची.

पण ही सगळी मेहनत टेबलावरची एक ओळ पाण्यात घालते. पणजीत मांडवीवरच्या बोटीवर बसा किंवा लास वेगासला, आधी ब्लॅकजॅकचा दर वाचा. 3:2 असेल तर हजारावर 1500 मिळतात, 6:5 असेल तर 1200. डीलरलाही ब्लॅकजॅक आला की डाव बरोबरीत सुटतो. ते वगळून असा हात 22 डावांत एकदा येतो, म्हणजे 300 भागिले 22, दर डावाला साडेतेरा रुपये. हाउस एज अर्ध्यावरून थेट 1.9 टक्क्यांच्या घरात! मऊ 17 वर, म्हणजे एक्का 11 धरून झालेल्या 17 वर, डीलर पान घेत असेल, तर आणखी 0.2. इन्शुरन्स, म्हणजे डीलरचा एक्का उघडा असताना त्याला ब्लॅकजॅक येईल यावर लावायची वेगळी पैज, तर घेऊच नये. तिथे सात टक्क्यांहून अधिक जातात.

हे डोळ्यांना दिसत नाही, कारण हजाराचे 60 डाव खेळलात तर 3:2 च्या टेबलावर सरासरी तोटा 300 रुपये, पण नशिबाचा चढउतार मात्र सहज 9,000 चा. कॅसिनो त्या 60 डावांवर अवलंबून नसतो. त्याच्या टेबलांवर वर्षभरात लाखो डाव होतात.