ॲक्रोसिन

ॲक्रोसिन : सस्तन प्राण्यांच्या शुक्राणूतील, प्रथिनांचे विघटन करणारे विकर (एन्झाइम). शुक्राणूच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली ॲक्रोसोम नावाची पिशवी असते. तिच्यात ते साठलेले असते. रासायनिक दृष्ट्या ते पचनातील ट्रिप्सिनच्या कुळातले. मानवात त्याचे जनुक २२ व्या गुणसूत्रावर आहे.

ॲक्रोसोमच्या आत आम्लता असते, म्हणून विकर तेथे प्रोॲक्रोसिन या निष्क्रिय रूपात राहते. शुक्राणूला फलनक्षमता येते ती स्त्रीच्या जननमार्गात काही काळ काढल्यावर. चँग आणि ऑस्टिन या शास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये हे स्वतंत्रपणे दाखवले. पुढे ॲक्रोसोममधील आम्लता घटते, त्याचे आवरण फुटते आणि प्रोॲक्रोसिन स्वतःलाच कापून सक्रिय होते. अवेळी सुटलेल्या विकराला आवर घालणारी रोधक प्रथिने वीर्यद्रवात असतात.

अंडपेशीभोवतीचे झोना पेल्युसिडा हे जाड आवरण ॲक्रोसिनच भेदते, असे पाठ्यपुस्तके बराच काळ ठामपणे सांगत होती. १९९४ मध्ये जपानी संशोधकांनी हे जनुक नसलेले उंदीर तयार केले, तर त्या नरांनाही पिल्ले झाली. झोना भेदायला वेळ तेवढा जास्त लागला. ॲक्रोसिनचे महत्त्व संपले असे अनेकांना वाटले. ती घाई ठरली. २०२० मध्ये हाच प्रयोग हॅमस्टरवर झाला आणि नर पूर्णपणे वंध्य निघाले : शुक्राणू झोनाला चिकटत, पण आत शिरत नसत. झोना काढून टाकल्यावर मात्र फलन झाले. मानवी झोनात हॅमस्टरप्रमाणेच चार प्रथिने असतात, उंदरात तीन. त्यामुळे या बाबतीत केवळ उंदरावरून माणसाविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे.

वंध्यत्वाच्या तपासणीत ॲक्रोसिनची क्रियाशीलता रंग देणाऱ्या कृत्रिम रसायनावर मोजता येते. शुक्राणूंची संख्या आणि हालचाल ठीक असूनही फलन होत नसेल, तर अशी चाचणी उपयोगी पडू शकते. मात्र एकट्या आकड्यावरून पुरुषाला वंध्य ठरवता येत नाही. गोल डोक्याचे शुक्राणू या दुर्मीळ दोषात ॲक्रोसोमच नसतो. अशा अनेक रुग्णांत डीपीवाय१९एल२ हे जनुक गळालेले आढळते. १९९२ पासून वापरात आलेल्या इक्सी पद्धतीत शुक्राणू सुईने थेट अंडपेशीत सोडतात, त्यामुळे झोना भेदण्याचा प्रश्नच उरत नाही. तरीही या रुग्णांत फलन अनेकदा फसते, कारण अंडपेशीला जागे करणारे प्रथिनही त्या शुक्राणूंत अपुरे असते. मग कॅल्शियम आयनोफोर (पेशीत कॅल्शियम शिरू देणारे रसायन) वापरून अंडपेशी कृत्रिमरीत्या सक्रिय करावी लागते.