मामाची खोटी पट्टी आणि १०१वी क्वेरी

आठवीत भूमितीच्या तासाला माझी एकेक रेघ चुकायला लागली. १० सेंटिमीटरची म्हणून काढलेली रेघ बाईंच्या पट्टीवर १०.१ भरायची. पट्टी मामाची होती. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या त्याच्या पॅटर्न शॉपमधून मी ती न विचारता उचलली होती. संध्याकाळी त्याला सांगितलं तर तो हसत सुटला. "ती पट्टी खोटी हाय लेका. मुद्दाम खोटी केलीय."

फौंड्रीत वाळूचा साचा करायचा तर आधी वस्तूची प्रतिकृती लागते, लाकडाची किंवा ॲल्युमिनियमची. तिला कोल्हापुरात सगळे पॅटर्नच म्हणतात. (उरलेल्या महाराष्ट्राला हा शब्द लातूरमुळे आणि दहावी-बारावीच्या निकालांमुळे ठाऊक झाला, शिरोली-उद्यमनगरात तो त्याआधीपासून घरचाच.) पॅटर्नभोवती वाळू ठासायची, पॅटर्न अलगद काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. एका पॅटर्नवर हजारो कास्टिंग, म्हणजे ओतीव वस्तू, निघतात. पण धातू थंड होताना आकसतो. बीड (कास्ट आयर्न) साधारण १ टक्का आकसतं, पोलाद साधारण २ टक्के. म्हणून ५०० मिलिमीटरचा जॉब (म्हणजे घडवायची वस्तू) बिडात हवा असेल तर पॅटर्न ५०५चा करायचा आणि पोलादात हवा असेल तर ५१०चा. दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्न मेकरच्या पट्टीवरचे आकडेच तेवढे ताणून कोरलेले असतात. बिडाची पट्टी वेगळी, पोलादाची वेगळी. चित्र हातात आलं की मामाचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "मेटल कुठलं?"

मी फौंड्रीत गेलो नाही. राजारामपुरीतल्या घरात बसून सेल्सफोर्सवर कोड लिहितो. तिथेही पुन्हा पुन्हा वापरायच्या साच्याला पॅटर्न हाच शब्द आहे, आणि माझ्या मते तिथेही अर्धी दुखणी चुकीच्या पट्टीचीच असतात.

सेल्सफोर्स १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालं. कंपनीचे ग्राहक, ऑर्डरी, तक्रारी यांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर आपल्या कॉम्प्युटरवर बसवायचं नाही, इंटरनेटवरून भाड्याने वापरायचं, अशी मूळ कल्पना. पुढे त्यावर ग्राहकांना स्वतःचे नियमही लिहिता यावेत म्हणून २००६-०७च्या सुमारास ॲपेक्स नावाची भाषा आली. दिसायला जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेसारखी, पण मोकळीक कमी.

मोकळीक कमी का, ते जुन्या वाड्यात भाड्याने राहिलेल्या माणसाला लगेच कळेल. चार बिऱ्हाडं आणि नळ एक. एकाने पाइप लावून अंगण धुवायला काढलं की बाकीच्यांच्या बादल्या कोरड्या. सेल्सफोर्सच्या एकाच यंत्रणेवर असंख्य कंपन्यांची बिऱ्हाडं शेजारी शेजारी असतात. कोणा एकाच्या गचाळ कोडने सगळ्यांचं पाणी पळवू नये म्हणून प्रत्येक व्यवहाराला, म्हणजे एका दमात पुरं होणाऱ्या कामाला, माप ठरवून दिलेलं आहे. एका व्यवहारात डेटाबेसला जास्तीत जास्त १०० प्रश्न विचारायचे, म्हणजे १०० क्वेरी. लिहिण्याच्या खेपा १५०. वाचलेल्या ओळी ५०,००० पर्यंत. प्रोसेसरचा वेळ १० सेकंद. मागाहून सावकाश चालणाऱ्या कामांना यातली काही मापं सैल होतात, पण माप सुटत नाही. या बंधनांना तिथे गव्हर्नर लिमिट म्हणतात. ऑइल इंजिनावर हात काळे केलेल्या कोल्हापूरकराला गव्हर्नर म्हणजे राज्यपाल आठवत नाही, इंजिनाचा वेग हाताबाहेर जाऊ न देणारा तो फिरता भाग आठवतो. इथेही तोच अर्थ चपखल बसतो.

आता एक गोष्ट. पंप बनवणाऱ्या एका कंपनीचं काम माझ्याकडे होतं. डीलरची ऑर्डर नोंदली गेली की त्याची उधारीची मर्यादा तपासायची, ओलांडली असेल तर ऑर्डर थांबवायची. नोंद होताच आपोआप चालणाऱ्या अशा कोडला ट्रिगर म्हणतात. मी सरळसोट लिहिलं: प्रत्येक ऑर्डर घे, तिच्या डीलरची मर्यादा डेटाबेसला विचार, तुलना कर. एक ऑर्डर टाकून पाहिली, चाललं. पाच टाकल्या, चाललं. सोमवारी सकाळी त्यांच्या माणसाने आठवड्याच्या २०० ऑर्डरींची फाइल एकदम चढवली आणि पडद्यावर त्रुटी आली: क्वेरी फार झाल्या, १०१.

आपल्याकडे आहेराच्या पाकिटात १०१ शुभ. सेल्सफोर्सवाल्यांना मात्र हा आकडा दिसला की घाम फुटतो. कारण १००वी क्वेरी चालते, १०१वीला गव्हर्नर व्यवहारच तोडतो आणि आधीच्या १०० ऑर्डरींचं झालेलं कामही पुसलं जातं. सगळं किंवा काहीच नाही. नेहमीच्या चुका कोडला पकडता येतात, सावरता येतात. ही पकडताही येत नाही.

उपाय फौंड्रीत रोज दिसतो. लहान जॉब असेल तर कोणी एक साचा, एक ओतकाम, एक कास्टिंग असं करत नाही. एकाच प्लेटवर आठ-दहा पॅटर्न बसवतात, सगळ्यांना जोडणारी पन्हळ काढतात आणि एका ओतण्यात सगळे भरतात. कोडमध्ये हेच करायचं. आधी सगळ्या ऑर्डरींवरून एक फेरी मारून डीलरचे क्रमांक एका संचात गोळा करायचे. संचात एक क्रमांक एकदाच राहतो, त्यामुळे २०० ऑर्डरींमागे डीलर ४०च असतील तर क्रमांकही ४०च. मग डेटाबेसला एकच प्रश्न: या ४० जणांच्या मर्यादा सांग. उत्तर एका मॅपमध्ये ठेवायचं. मॅप म्हणजे क्रमांक सांगितला की शेजारची नोंद काढून देणारी वही. दुसऱ्या फेरीत प्रत्येक ऑर्डरीसाठी त्या वहीत बघायचं, डेटाबेसकडे जायचंच नाही. २०० क्वेरींची १ झाली. गोळा करा, एकदा विचारा, वहीत बघा, शेवटी एकदाच लिहा: माझ्या पाहण्यात सेल्सफोर्सवर सर्वांत जास्त वेळा पुन्हा वापरला जाणारा साचा हाच. पंपांच्या ऑर्डरी असोत की हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंट, आतला माल बदलतो, साचा तोच.

दुसरा साचा जागेबद्दलचा आहे. एकाच प्रकारच्या नोंदीवर तिघांनी तीन ट्रिगर लिहिले तर त्यातला आधी कोणता चालेल याची खात्री प्लॅटफॉर्म देत नाही. म्हणून ट्रिगर एकच ठेवायचा, तोही दारावरच्या वॉचमनसारखा: आलेलं काम आत योग्य माणसाकडे पाठवायचं, स्वतः काही करायचं नाही. खरं काम वेगळ्या क्लासमध्ये, म्हणजे कोडच्या स्वतंत्र कप्प्यात. मग तोच हिशेब उद्या बटणावरून किंवा रात्रीच्या आपोआप कामातून हवा असेल तर पुन्हा लिहावा लागत नाही. आणि उधारीची टक्केवारी, सवलतीचे दर असले आकडे कोडमध्ये कोरायचे नाहीत, बाहेरच्या तक्त्यात ठेवायचे. दिवाळीच्या सवलतीसाठी प्रोग्रामरला फोन करावा लागणं ही मला लाजिरवाणी गोष्ट वाटते.

हे साचे कोणी क्लाउडवाल्यांनी शोधलेले नाहीत. केंब्रिजमध्ये १९४९ साली एडसॅक नावाचा संगणक सुरू झाला, तेव्हा डेव्हिड व्हीलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा पुन्हा लागणारे हिशेब कागदी फितींवर छिद्रं पाडून जपून ठेवले होते. वर्गमूळ हवं? त्या संग्रहातली फीत काढा, आपल्या प्रोग्रामला जोडा. मामाच्या दुकानातल्या मांडणीवर नंबर टाकून ठेवलेले पॅटर्न मला नेहमी त्या फितींसारखे वाटतात. पॅटर्न हा शब्द मात्र सॉफ्टवेअरमध्ये फौंड्रीतून आलेला नाही. तो घरबांधणीतून आला: ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुरचनाकाराने १९७७ साली घरं आणि गावं बांधताना परत परत येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं मांडली, आणि १९९४ साली चार संगणकतज्ज्ञांनी त्याच धर्तीवर कोडचे २३ साचे नोंदवले.

तर आता पुन्हा पट्टीकडे. तिसरा साचा असा आहे, की तो मी डोळे झाकून उचलला आणि फसलो. ट्रिगर ऑर्डरीत बदल करतो, बदल झाला म्हणून ट्रिगर पुन्हा चालतो, तो पुन्हा बदल करतो... हा भोवरा थांबवायला सगळे एक सोपी युक्ती वापरतात. एक खूण ठेवायची, 'झालं'. पहिल्यांदा ट्रिगर चालला की खूण लावायची, दुसऱ्यांदा आला की खूण बघून परत जायचं. दोन ओळींचं काम. मीही कुठूनतरी उचलून चिकटवलं, वर्षभर बिनतक्रार चाललं.

मग वार्षिक दरबदल आला. माझ्याच दुसऱ्या एका कोडने एका दमात ५०० ऑर्डरी बदलल्या. आता ट्रिगरला एका वेळी जास्तीत जास्त २०० नोंदी मिळतात. म्हणजे ५०० नोंदी २००, २०० आणि १०० अशा तीन खेपांत आल्या, पण व्यवहार एकच. पहिल्या खेपेने 'झालं' अशी खूण लावली. दुसऱ्या खेपेने ती बघितली आणि निमूट परत गेली. तिसरीनेही तेच केलं. ३०० ऑर्डरींची उधारी तपासलीच गेली नाही, आणि पडद्यावर एका अक्षराची त्रुटी नाही. १०१ निदान ओरडून तरी सांगतं!

युक्ती चूक नव्हती. ती २००च्या आतल्या कामासाठी कोरलेली होती, आणि तसं तिच्यावर लिहिलेलं नव्हतं. बिडाच्या पॅटर्नवर केलेल्या साच्यात पोलाद ओतलं की कास्टिंग दिसायला झकास निघतं, लहान आहे हे मशीन शॉपमध्ये मोजल्यावर कळतं. तसंच हे. दुरुस्ती लहान आहे. 'झालं' अशी एकच खूण ठेवण्याऐवजी ज्यांचं काम झालं त्या ऑर्डरींचे क्रमांक संचात ठेवायचे, म्हणजे दुसऱ्या खेपेतल्या नव्या ऑर्डरी अडत नाहीत.

याच चुकीचं जगभर गाजलेलं महागडं उदाहरण ४ जून १९९६चं. फ्रेंच गयानातून एरियान ५ हे युरोपचं नवं रॉकेट पहिल्यांदाच उडालं आणि सुमारे ४० सेकंदांनी आकाशात फुटलं. दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेतला कोड आधीच्या एरियान ४ वरून जसाच्या तसा घेतला होता. तिथे तो उत्तम चालत असे. पण नवं रॉकेट सुरुवातीलाच आडवा वेग कितीतरी जास्त घेत होतं, आणि त्या वेगाशी निगडित आकडा ज्या १६ बिटांच्या खणात ठेवायचा होता त्यात ३२,७६७च्या वर काही मावत नाही. आकडा उतू गेला, यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणा होती, पण तिच्यातही तोच कोड, त्यामुळे तीही तशीच बंद. त्यावर कळस म्हणजे तो हिशेब एरियान ५ला उड्डाणानंतर लागतच नव्हता.

सेल्सफोर्सवर प्रत्यक्ष कामात आणायच्या ॲपेक्स कोडपैकी निदान ७५ टक्के भाग चाचण्यांतून चालवून दाखवावा लागतो. हा नियम चांगला, पण फसवा. एका ऑर्डरीची चाचणी लिहिली तरी ७५ टक्के सहज भरतात. माझ्या त्या खूणवाल्या ट्रिगरचे ९०च्या वर भरले होते. ओळ चालली की नाही एवढंच ते माप बघतं, किती माल आला तेव्हा चालली हे बघत नाही.

म्हणून माझ्या चाचण्यांत आता २०१ नोंदी असतात. २०० घातल्या तर सगळ्या एका खेपेत बसतात आणि दुसरी खेप येतच नाही. तिला आणायला वरचा एक लागतो. मामाला हे सांगितलं तेव्हा कोड काय ते त्याला कळलं नसावं, पण २०१ का ते पटकन कळलं. "आहेर बरा दिलास की," म्हणाला.