फॉर्म हजारो भरले, म्हणून आकडा खरा?

‘हजारो ज्येष्ठांनी फॉर्म भरलाय, म्हणजे आकडा खराच.’ ज्येष्ठांच्या तब्येतीच्या एखाद्या सर्वेक्षणाबद्दल असा फॉरवर्ड अधूनमधून येतो. पटण्यासारखाच आहे, पण मोठ्या संख्येने प्रत्येक चूक भरून निघत नाही.

ठाण्यात सकाळी सहाला तलावपाळीवर फॉर्म वाटले तर कोण भरेल? फेरी मारायला आलेले. नौपाड्यातल्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर गुडघे धरून बसलेल्या आजी तिथे नसतातच. घरी फोन केला तरी ऐकू कमी येतं, सून म्हणते, ‘आई झोपल्यात.’

हिशोब करून बघू, आकडे मानलेले. २०० ज्येष्ठ, पैकी ८० जणांना चालताना त्रास. धडधाकट १२० पैकी ९० जणांनी फॉर्म भरला, त्रास असलेल्यांपैकी फक्त २०. कागदावर त्रास ११० पैकी २० जणांना, म्हणजे १८ टक्के. प्रत्यक्षात २०० पैकी ८० जणांना, म्हणजे ४० टक्के. आता सगळे आकडे शंभरपट करा. उत्तर पुन्हा १८च!

उलटंही होतं. फॉर्मसोबत मोफत तपासणी ठेवली की दुखणं असलेलेच आधी रांगेत.

मग पारखायचं कसं? किती जणांना विचारलं आणि किती जणांनी उत्तर दिलं, हे आधी शोधा. नुसता प्रतिसाद कमी म्हणून निकाल चुकीचा ठरत नाही; न बोललेले लोक वेगळे होते का, हा खरा प्रश्न. ऐंशीच्या पुढचे किती, घरी जाऊन पुन्हा विचारलं का, आजारी माणसाच्या वतीने घरच्यांचं उत्तर चाललं का, तेही पाहा. अहवालात यातलं काहीच नसेल, तर तो आकडा फक्त फॉर्म भरणाऱ्यांचा समजावा.