तळपायाची आग होते? चप्पल घेण्याआधी कारण शोधा

लातूरला गंजगोलाईजवळ आमचं छोटं दुकान आहे. पायाचं माप घेऊन एमसीआरच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या, चपला आम्ही इथंच बनवतो. रोज दोन-चार जण एकच मागणी घेऊन येतात, "पायाची नुसती आग होतीय, मऊ चप्पल द्या." चप्पल आम्ही देऊच. पण मऊ चपलेनं पायाला जखम होत नाही एवढंच, नसेचं दुखणं त्यानं बरं होत नाही. म्हणून हे पत्रक.

गेल्या उन्हाळ्यात औसा तालुक्यातले एक काका आले. माप घ्यायला चप्पल काढली तर बाभळीचा काटा रबरातून आरपार वर आलेला, टोक टाचेत रुतून तिथं पू धरलेला. काकांना काट्याचा पत्ताच नव्हता. आणि त्यांचीच तक्रार अशी, की दोन वर्षं झाली, रात्री पाय पांघरुणाबाहेर काढल्याशिवाय झोप लागत नाही. नस बिघडली की असं होतं. काही नसताना आग, मुंग्या, टोचणी जाणवते आणि खरा काटा टोचला तर कळत नाही. काकांनी कधीच साखर तपासली नव्हती. तपासली तेव्हा उपाशीपोटी २४० निघाली.

त्या दोन वर्षांत त्यांनी काय केलं? तळव्याला तूप लावून काशाच्या वाटीनं घासलं, मेंदी लावली, सब्जा प्याला. आपल्याकडं पायाची आग म्हणजे अंगातली उष्णता, हे ठरलेलंच. वाटीनं घासून बरं वाटतं, हे खरं. पण तेवढ्यावर वर्षं काढू नका.

आधी दुखणं नीट पाहा. दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन मोज्यासारखं वर चढत असेल, कापसावर चालल्यासारखं वाटत असेल, चप्पल पायातून निसटली तरी कळत नसेल, तर साखर, बी-१२ किंवा दारू यांच्याकडं आधी बोट जातं. एकाच पायात कमरेपासून खाली कळ जात असेल तर मणक्यात नस दबलेली असू शकते. सकाळी पहिलं पाऊल टेकताना टाचेत कळ येत असेल तर ते बहुतेक नसेचं नसतंच, टाचेखालचा पट्टा सुजलेला असतो. चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की उतरते, विडी-तंबाखूची सवय आहे, असं असेल तर रक्तवाहिन्या तपासाव्या लागतात.

सगळ्यात जास्त आढळणारं कारण मधुमेह. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ६.५ किंवा त्यावर असेल तर मधुमेह धरतात, बहुधा दुसऱ्यांदा तपासून. १०० ते १२५ च्या मधे असली तरी निर्धास्त राहू नका, काहींच्या नसांना तेव्हापासूनच त्रास सुरू होतो.

दुसरं कारण बी-१२ ची कमतरता, आणि इथं एक चूक फार जण करतात. हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी, दूध यांतून मिळतं. माळकरी घरांत, दूधही कमी असेल तर, ते कमी पडतं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल, किंवा पित्ताची गोळी रोज उपाशीपोटी घ्यायची सवय असेल, तरीही कमी होतं. म्हणजे मधुमेह्याच्या पायाची आग साखरेचीच असेल असं नाही. लोक मात्र आधी 'ताकदीचं' इंजेक्शन घेतात आणि मग रक्त तपासतात. इंजेक्शननंतर आकडा चांगलाच येणार, मग खरं काय ते कसं कळणार? आधी रक्त द्या, मग इंजेक्शन घ्या. आणि 'ताकदीच्या' गोळ्या मनानं वर्षभर घेऊ नका, त्यांतलं बी-६ जास्त झालं तर त्यानंही नसा बिघडतात.

थायरॉइड, किडनी, क्षयाची किंवा कॅन्सरची औषधं ही आणखी कारणं. शेतात फवारणी करताना औषध अंगात भिनलं असेल तर दोन-तीन आठवड्यांनी पायाला मुंग्या येऊन अशक्तपणा येऊ शकतो. हे डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही, तुम्हीच सांगा. दारूचंही लपवू नका.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथं स्पर्श कळत नसेल तर लाजू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याचं औषध फुकट मिळतं आणि तो पूर्ण बरा होतो. उशीर केला तर मात्र बोटं वाकतात, ती औषधानं सरळ होत नाहीत.

डॉक्टरांकडं जाताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. साखर, बी-१२, थायरॉइड, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि साधी रक्ततपासणी, यांत बहुतेकांची दिशा कळते. तळव्याला बारीक नायलॉनचा धागा टेकवून स्पर्श बघतात, ती तपासणी मागून घ्या, मिनिटभराची आहे. नसेची मशीनवरची तपासणी लागली तर लातूर, अंबाजोगाई, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विचारा. अगदी बारीक नसांचा त्रास असेल तर तिचा रिपोर्ट नॉर्मल येतो. म्हणून तुमचं दुखणं खोटं ठरत नाही.

अशक्तपणा दोन-चार दिवसांत पायातून वर चढू लागला, लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली, किंवा बोट काळं पडलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पाय बधिर असेल तर गरम पाण्याचा शेक नको. कोजागिरीला तुळजापूरला अनवाणी चालत जायचा नेम असेल तर आईची माफी मागून पायात चप्पल घाला. तापलेल्या डांबरानं आलेले फोड आम्ही इथं पाहिले आहेत. शेतात तुरीच्या धसकटातही तेच.

चप्पल घ्यायची झाली तर अंगठ्याची नको, मागं पट्टा असलेली घ्या. आमच्या चपलेत खिळा नसतो, चिकटवून शिवलेली असते. माप द्यायला संध्याकाळी या, दिवसभरात पाय थोडा सुजतो, सकाळच्या मापाची चप्पल मग आवळते. रिपोर्ट असेल तर सोबत आणा. नसेल तर आधी रक्त द्या, आम्ही माप लिहून ठेवू.