फेअरवेवरचा बंकर कुठे खणायचा?

टीपासून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपासून, २२० यार्ड मोजायचे, फेअरवेच्या, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, दोन्ही कडांना खुणा करायच्या आणि तिथे वाळूचे खड्डे, म्हणजे बंकर, खणायचे. गोल्फ कोर्स आखण्याची ही रीत सोपी खरी, पण तिने खेळातली रंगतच जाते. अमेरिकेच्या पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेत १९८० साली सरासरी ड्राइव्ह, म्हणजे टीवरून मारलेला लांब फटका, सुमारे २५७ यार्डांचा होता; आता तो ३०० च्या घरात आहे. हौशी खेळाडूची मजल बहुधा २०० ते २२० यार्ड. म्हणजे दमदार खेळाडू असा बंकर सहज ओलांडतो आणि सगळा भुर्दंड आधीच धडपडणाऱ्यावर पडतो.

बंकरची जागा ग्रीनकडून, म्हणजे चेंडू ज्या भोकात घालायचा त्याभोवतीच्या हिरवळीकडून, मागे येत शोधावी. ग्रीनच्या डाव्या अंगाला वाळू असेल आणि उजवं अंग मोकळं असेल, तर दुसरा फटका फेअरवेच्या उजव्या कडेवरून सोपा जातो. मग बंकर त्याच कडेला हवा. त्याला लगटून चेंडू टाकण्याचं धाडस साधलं तर पुढची वाट मोकळी. डावीकडून सांभाळून गेलात तर पुढचा चेंडू वाळूवरून उचलावा लागतो. बंकर तिरपा असला तर फारच छान. एक टोक जवळ, दुसरं लांब. किती ओलांडायचं ते ज्याने त्याने आपल्या ताकदीप्रमाणे ठरवावं.

नागपुरात या तिरपेपणाला आणखी एक कारण आहे. मे महिन्यात ४५ अंशांवरची हवा जानेवारीतल्या १५ अंशांच्या सकाळपेक्षा सुमारे ९ टक्के विरळ असते, त्यामुळे चेंडू थोडा लांब जातो. जमिनीचा फरक त्याहून मोठा. उन्हात टणक झालेल्या फेअरवेवर चेंडू बराच घरंगळतो, ऑगस्टमध्ये पडतो तिथेच थबकतो. एकच अंतर धरून खणलेला बंकर निम्मं वर्ष नुसता शोभेचा!

आणि खरी परीक्षा पाण्याची. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजला जमीनच वाळूची, पाणी आपसूक झिरपतं. आपल्याकडे काळी माती. भिजली की फुगते आणि पाणी खाली सोडत नाही. उतारावरून गढूळ लोंढा बंकरमध्ये शिरला की मातीचे बारीक कण वाळूच्या फटींत बसतात. वाळूचा थर जेमतेम १० ते १५ सेंटिमीटरचा. खाली खडी आणि सच्छिद्र पाईप असूनही वर डबकं साचतं, आणि मग सगळी वाळू उपसून बदलण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणून खोलगट जागा नकाशावर कितीही नेमकी बसत असली तरी सोडावी. उंचवट्याच्या टीकडच्या अंगात खणलेला बंकर लांबूनच दिसतो, आणि वरून येणारं पाणी त्याच्यामागे चर काढून बाजूला वळवता येतं.