कुस्ती बघवते, मग मोबाइलवरची मारामारी का खुपते?

बेळगावातल्या आनंदवाडीचा आखाडा असो की जवळच्या येळ्ळूरचं मैदान, कुस्ती म्हटली की दुखापत आलीच. कान चेपतात, खांदा निखळतो, कधी ओठ फुटून तांबड्या मातीत रक्त सांडतं. मोबाइलवरचा बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम खेळणाऱ्याला ओरखडाही उठत नाही. तरी कुस्तीला पुढची जागा धरणारे माझ्यासारखे लोक मोबाइलमधल्या गोळीबारावर नाक मुरडतात. भाच्यानं यावरच अडवलं. "त्यात रक्तसुद्धा हिरवं असतंय की मामा! मग?"

सवाल बिनतोड आहे, कारण रक्त किती सांडलं यावर फरक ठरवायला गेलं तर कुस्तीच हरते.

फरक दिसतो तो समोरचा हतबल झाल्यावर. पैलवान सलामी देतात, एकमेकांच्या हातावर माती देतात आणि भिडतात. खालच्यावर घिस्सा डाव बसला, तो तडफडतोय, हलगी कडाडतेय, लोक उठून उभे. पण दोन्ही खांदे मातीला टेकले की संपलं. त्यानंतर एक रट्टा जरी पडला तरी पंच मधे पडणार आणि पब्लिक शिव्या घालणार. जिंकलेलाच पुष्कळदा हरलेल्याला हात देऊन उठवतो, पाठीची माती झाडतो. चांगला लढला असेल तर हरलेल्याच्या हातातही नोटा पडतात.

गेममध्ये याच क्षणाला खरी सुरुवात होते. गोळी लागलेला आधी 'नॉक' होतो, गुडघ्यावर रांगत भिंतीआड जायला बघतो. त्या रांगणाऱ्याला टिपायचं. तो गेला की मागे एक पेटी उरते; तिच्यातली गोळ्या, पट्ट्या, हेल्मेट उचलून पुढं पळायचं. भाचा रांगणाऱ्यावर नेम धरताना हसतो, आणि मला खुपतं ते हे हसणं. रक्त हिरवं केलं म्हणून ते थांबत नाही.

खुपणं वेगळं, आरोप वेगळा. गेम खेळून पोरं खुनी होतात असं मी म्हणत नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं 2020 मध्ये सांगितलं, की हिंसक गेम आणि आरडाओरडा, ढकलाढकली असल्या आक्रमकपणाचा थोडाफार संबंध दिसतो. पण गंभीर हिंसेचं खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही.

आणि पबजी हिंसेमुळे बंद केला, हा आपल्याकडच्या कट्ट्यावरचा समज तर चुकीचाच. 2 सप्टेंबर 2020 ला पबजीसकट 118 अ‍ॅप बंद झाली ती देशाची सुरक्षा आणि लोकांची माहिती बाहेर जाण्याच्या कारणावरून. 2021 मध्ये पबजीचाच भारतातला अवतार म्हणून बीजीएमआय आला, 2022 च्या जुलैत तोही निघाला, 2023 च्या मेमध्ये परतला तेव्हा 18 वर्षांखालच्यांना दिवसाला 3 तासांची मर्यादा होती. चिंता माहितीची आणि वेळेची. रांगणाऱ्या माणसाचा त्यात विषयच नव्हता.

सिनेमालाही मी हीच फूटपट्टी लावतो. खलनायक पडल्यावर कॅमेरा थांबतो, की त्याला आणखी दहा वेळा संथ गतीनं तुडवतो आणि थिएटर शिट्ट्या मारतं?

पण हीच फूटपट्टी आपल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला लावली की माझी गोची होते. अफझलखान वधाचा सजीव देखावा हमखास असतो. इतिहासात वार होण्याआधी दगा आहे, त्यामुळे तो वार कळतो. पण प्रत्येक चौकात गाडी थांबली की खान पुन्हा उभा राहतो, पुन्हा पोट फाडून घेतो, आणि खांद्यावर बसलेली पोरं "अजून एकदा" म्हणून ओरडतात. 10 नोव्हेंबर 1659 नंतर प्रतापगडाच्या पायथ्याशी खानाचं रीतसर दफन झालं, कबर आजही तिथं आहे. तो भाग कुठल्या चित्ररथावर बघितल्याचं मला आठवत नाही.